बंबावरची माणसं : तुमच्याकडच्या आठवणी लिहा

चुलवाण

काल कोल्हापूरच्या बिंदू चौकात जयंतीची गर्दी होती. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालून परत निघाले, तर कडेला आगीचा बंब उभा. त्यावरच्या एका पोराच्या खिशाला छोटा कागदी झेंडा टाचलेला. कसला म्हणून विचारलं. म्हणाला, "मॅडम, आज आमचा पण दिवस." मला ठाऊक होतं, तरी विचारलं. माझे वडील पालिकेच्या बंबावर ड्रायव्हर होते. तसला झेंडा दरवर्षी आमच्या कॅलेंडरला टाचलेला असायचा.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला. जवान पाणी मारत होते आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्याच आठवणीत १४ एप्रिल हा अग्निशमन दिन. वडील दरवर्षी हे सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "त्यांची नावं तरी लिहिलीत." त्या 'तरी'चा अर्थ आम्हाला घरात सगळ्यांना कळायचा.

आमचं गाव जिल्ह्यातलंच, लहान. पालिकेचा एकच बंब. पगारावर चौघं, त्यातले दोघं पाळीवर. बाकी सगळी तालमीची पोरं, बिनपगारी. भोंगा झाला की लंगोटावर शर्ट चढवून पळत यायची आणि मागच्या पायरीवर लोंबकळायची. ब्रँच, म्हणजे पाईपच्या तोंडाची नळी, धरायला दोघं लागतात, पाण्याचा दाब माणसाला मागं रेटतो. तांबड्या मातीतली पोरं ती, त्यांच्या हातात ब्रँच हलायची नाही. कुठल्या रजिस्टरला मात्र त्यांची नोंद नव्हती.

त्यातलेच एक दादा. मी चौथीत होते, जानेवारी महिना. गावाबाहेरच्या गुऱ्हाळावरनं वर्दी आली, चिपाडाची गंजी पेटलेली. चिपाडाची आग फसवी. पाणी मारलं की वरची राख ओली, काळी, थंड दिसते. आत निखारा धुमसत पोकळी करत जातो. दादा ब्रँच घेऊन वर चढले आणि गंजी खचली. कमरेपर्यंत आत गेले. ब्रँच सोडली नव्हती म्हणून वडिलांनी पाईप धरूनच त्यांना बाहेर ओढलं. नऊ दिवस दवाखान्यात होते. दहाव्या दिवशी गेले.

त्या रात्री वडील मोरीत नुसते बसून होते. आईनं पाणी तापवून ठेवलेलं, त्याला हात लावला नाही. भर जानेवारीत गार पाणी अंगावर घेतलं.

नोंद नाही म्हणून मदत नाही, असं दादांच्या आईला सांगितलं गेलं. काकू अजून आहेत. म्हणून लिहायला बसले. तुमच्या गावात अशी कोण माणसं होती? नावं नका घालू, पण लिहा.

नदीकाठ

डोळ्यांत पाणी आलं ताई. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कांदा चिरतोय.

शिरोळकर

ऊस पेटतो ते बघितलेल्यालाच कळतं. वाऱ्यानं वरच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडली की संपलं. वाळला पाला रॉकेलसारखा पेटतो. बंब यायला अर्धा तास, आणि आला तरी सरीत घुसणार कुठनं? मग गावच आडवं पडतं. पुढचा पट्टा कोयत्यानं तोडायचा आणि हिरव्या डहाळ्यांनी झोडपायचं. आमचे चुलते असेच पट्टा तोडत होते, वारा फिरला. ते बाहेर आले, पण धुरानं छाती गेली ती गेलीच. पुढं सहा वर्षं खोकत काढली. शेत दुसऱ्याचं होतं. त्या घरातनं अजून दर दिवाळीला आमच्याकडं फराळाचा डबा येतो, चुलते जाऊन वीस वर्षं झाली तरी.

सहावी गल्ली

डब्याचं वाचून कसंतरीच झालं. माणसं आहेत अजून.

बंबवाल्याची बायको

नाव मुद्दाम हेच घेतलंय. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४, मी पोळ्या लाटत होते. ह्यांचा फोन आला, "केशवराव पेटलंय," एवढंच, आणि कट. गॅलरीतनं आभाळ तांबडं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर, आत सगळं लाकूड आणि पडदे. आमचं लग्न ठरलं तेव्हा पहिलं नाटक आम्ही तिथंच बघितलेलं.

पहाटे आले. कोटाला ओल्या कोळशाचा वास, तो चार धुण्यांत जात नाही. चहा दिला तर कप धरता येईना, रात्रभर ब्रँच धरून बोटं वळलेली. बशीत ओतून मी पाजला. एकच वाक्य बोलले, "स्टेज नाही वाचलं गं." जणू घरातलं कोण गेलं.

वर्दी आली की मी अजून देवापुढचा दिवा विझू देत नाही. वेडेपणा म्हणा.

चुलवाण

वहिनी, वेडेपणा कसला. माझी आई उंबऱ्यात तांब्या भरून ठेवायची, वडील परत येईपर्यंत.

खासबागचा पैलवान

नाट्यगृह पेटलं त्या रात्री आम्ही खासबाग मैदानाच्या बाजूला होतो. झळ एवढी की पन्नास फुटांवरनं भुवया तापत होत्या. बघ्यांना मागं सारण्यातच निम्मी ताकद गेली. एक विनंती आहे सगळ्यांना, बंबाच्या वाटेत गाडी लावून व्हिडिओ काढू नका. पाया पडतो.

मुंबईकर कोल्हापुरी

काळबादेवीची आग आठवा, ९ मे २०१५, गोकुळ निवास. इमारत कोसळली आणि चार अधिकारी गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर भाजल्यावर दोन आठवडे झुंजले. तेव्हा मी भुलेश्वरला कामाला होतो. दुसऱ्या दिवशी दुकानदार रांगेनं शटर अर्धं ओढून उभे, कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

गडहिंग्लज एक्सप्रेस

नेसरीकर आडनाव वाचलं की आपल्या नेसरीची खिंड आठवते. प्रतापराव गुजर आणि सहा जण, १६७४. स्मारक बघितलंय का कुणी? पावसाळ्यात जाऊन या, हिरवंगार असतं. आमच्याकडं उतरा, जेवायलाच या.

सहावी गल्ली

जेवायला काय आहे ते आधी सांगा 😀

गडहिंग्लज एक्सप्रेस

तांबडा-पांढरा नाही, आई फक्त शाकाहारी करते. पण वांग्याचं भरीत खाऊन बघाच.

नदीकाठ

आलो. कांदा झाला, आमटी झाली.

मी चिखलीचा. २०१९ चा पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर. बोटी यायच्या आधी आमच्या गल्लीतल्या पोरांनी गुऱ्हाळाची काहील, गूळ करायची मोठी कढई, पाण्यात सोडली. काहील गोल, सरळ जातच नाही, जागच्या जागी फिरते. म्हणून दोन पोरं दोन बाजूंनी काठ धरून पोहत न्यायची. माझ्या आजीला तशीच काढली. आजी मधोमध, मांडीवर शेळीचं पिल्लू, आणि तोंडानं अंबाबाईचा धावा. दिवसभरात किती फेऱ्या झाल्या त्याची मोजदाद नाही.

काठ धरणाऱ्यांतला एकजण पूर ओसरल्यावर तापानं पडला. चिखल काढताना पायाला चिरलेलं होतं. लेप्टो म्हणाले डॉक्टर, घाण पाण्यातनं होणारा ताप. पंचविशीचा होता. पुरात गेला नाही, म्हणून पुराच्या यादीत नाही. ताई, तुमच्या वडिलांचं ते 'तरी' वाचलं आणि मला तोच डोळ्यापुढं आला.

आजी गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत त्याच्या नावाचा घास बाजूला काढायची.

शिरोळकर

💐 यादीत नाही हेच खरं दुखणं आहे.

हळदी-कुंकू

माझा अनुभव वेगळा आहे, विहिरीचा. मोटर काढायला उतरलेला माणूस वर येईना, म्हणून भाऊ उतरला, मग शेजारचा उतरला. तिघंही गेले. बंद विहिरीत श्वासाजोगी हवा नसते हो. कुणालाही उतरू देऊ नका, १०१ ला फोन करा. शेजारचा तो माझा मामा. दोराला हात घालताना चप्पल काठावर नीट जोडून ठेवली होती त्यानं. बाकी नाही लिहवत.

बंबवाल्याची बायको

ताई, जवळ असता तर येऊन बसले असते तुमच्यापाशी.

खासबागचा पैलवान

चुलवाण ताई, एक विचारायचं राहिलं. तो जुना बंब पुढं कुठं गेला? आणि तुमच्या गावच्या तालमीत कुणी त्या दादांचं काही ठेवलंय का?

चुलवाण

बंब भंगारात गेला. लिलावाच्या आदल्या दिवशी वडिलांनी दादांच्या हातातली ती पितळी ब्रँच मागून घेतली, तिच्या वजनाचे पैसे भरून. ती तालमीत आहे, मारुतीच्या उजव्या अंगाला. खंडेनवमीला पोरं चिंच लावून घासतात आणि व्यायामाच्या मुद्गल-करेलांच्या शेजारी पूजेला मांडतात. पहिलं हळदकुंकू वाहायला काकूंना बोलावतात. गेल्या वर्षी त्यांना चालवेना, तर पोरं ब्रँचच त्यांच्या घरी घेऊन गेली.