फिनिक्सहून फोर्ट बोवी: आईबाबांना घेऊन जावं का?

भटकी_मृणाल
डिसेंबरात आईबाबा इकडे अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला येतायत. ग्रँड कॅन्यन ठरलंय. पण बाबांनी सह्याद्रीतले बरेच गड पायी केलेत, त्यांना "तुमच्याकडचा एखादा किल्ला" बघायचाय. अपाची या इथल्या मूळनिवासी लोकांशी झालेल्या युद्धांच्या काळातला चालेल. फोर्ट बोवीचं नाव ऐकलंय. आईचे गुडघे दुखतात, जमेल का? ऑफिसातला एक जण म्हणतो, त्यापेक्षा फोर्ट वाचुका बघा.

निवडुंग
बोवीच. पण बाबांना आधीच सांगून ठेव, तट-बुरूज शोधू नका म्हणावं. कवायतीचं मैदान, भोवती मातीच्या विटांच्या इमारती, एवढाच पसारा होता. आता भिंतींचे अवशेष उरलेत, तेही पावसात विरघळू नयेत म्हणून लेप दिलेले.

जागा मात्र बघण्यासारखी आहे. दोन डोंगररांगांमधली अपाची पास ही खिंड आणि तिथला झरा. सगळं भांडण या पाण्याभोवती फिरतं. 1858 पासून बटरफील्ड कंपनीच्या टपालगाड्या इथे थांबायच्या. मुलूख चिरिकाहुआ या अपाची गटाचा, त्यांचा नायक कोचीस. फेब्रुवारी 1861 मध्ये अमेरिकी लष्कराच्या लेफ्टनंट बॅस्कमने एक मुलगा पळवल्याचा आळ कोचीसवर घातला. बोलणी करायला तंबूत बोलावलं आणि तिथेच धरायला गेला. कोचीस तंबू फाडून निसटला, बरोबरचे नातेवाईक अडकले. मग दोन्हीकडचे ओलीस मारले गेले. लष्कराने फासावर दिलेल्यांत कोचीसचा भाऊही होता. मुलगा नेला होता दुसऱ्याच अपाची गटाने!

पुढच्या वर्षी, 15 जुलै 1862 ला, कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे निघालेली पलटण तहानलेली खिंडीत पोचली, तर झऱ्यावरच्या उतारांवर अपाची दबा धरून. हॉवित्झर तोफा डागल्या तेव्हा कुठे पाणी मिळालं. त्याच महिनाअखेरीस फोर्ट बोवीचं ठाणं उभारायला घेतलं. 1868 मध्ये जवळच दुसरं, मोठं बांधलं.

आजोबा_टूसॉनकर
निवडुंगराव, छान लिहिलंत, पण तोफांवर गोष्ट थांबवू नका. 1872 मध्ये जनरल हॉवर्ड कोचीसचा गोरा मित्र टॉम जेफर्ड्स याच्या मध्यस्थीने कोचीसला भेटले, तह झाला, चिरिकाहुआंना त्यांच्याच डोंगरांत राखीव प्रदेश मिळाला. कोचीस 1874 मध्ये वारला आणि 1876 मध्ये सरकारने तो प्रदेशच मोडीत काढून लोकांना सान कार्लोस या दुसऱ्या राखीव प्रदेशात हलवायला घेतलं. पुढच्या दहा वर्षांच्या धुमश्चक्रीचं मोठं कारण माझ्या मते हेच.

शेवटपर्यंत लढलेल्या अपाची म्होरक्या जेरोनिमोने इथे शस्त्र ठेवलं असं पुष्कळ जण सांगतात. ते झालं स्केलेटन कॅन्यनमध्ये, सप्टेंबर 1886 मध्ये. बोवीला त्याला नंतर आणलं आणि इथून रेल्वेने फ्लोरिडाला धाडलं. लष्करासाठी माग काढणाऱ्या ज्या अपाची स्काउटांनी त्याला शोधायला लष्कराला मदत केली, त्यांनाही कैदी करून तिकडेच पाठवलं. बऱ्याच जणांची कैद 27 वर्षांनी संपली. बाबांना एवढं नक्की सांग, मृणाल.

भटकी_मृणाल
काका, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि चालायचं किती?

निवडुंग
एकेरी दीड मैल, थोडा चढउतार. टपालठाण्याचे अवशेष, दफनभूमी, झरा, पहिलं ठाणं असं ओळीने लागतं, म्हणून मी तरी चालतच जाईन. दफनभूमीत जेरोनिमोच्या लहानग्या मुलाची खूण आहे, ती चुकवू नका. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गाडीचा वेगळा रस्ता आहे; आदल्या दिवशी तिथे फोन करून विचार. म्हणजे आई गाडीने, बाबा पायी. पाणी गाडीतूनच न्या, खायला वाटेत काही नाही.

वाचुका चालू लष्करी तळ आहे. संग्रहालय चांगलं, पण दारावर ओळखपत्र तपासतात. भारतीय पासपोर्टवर कसं ते आधी विचारून घे.

आजोबा_टूसॉनकर
फिनिक्सहून एका दिवसात जाऊन येऊ नका, सगळा वेळ गाडीतच जाईल. विलकॉक्सला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी चिरिकाहुआ नॅशनल मॉन्युमेंट. तिथे दगडांचे सुळके आहेत आणि रस्ता वरपर्यंत जातो, वहिनींच्या गुडघ्यांना त्रास नाही.