'सन ऑफ रॅम्बो' पाहताना तुम्हाला कोण आठवलं?

दिग्दर्शक गार्थ जेनिंग्जचा 'सन ऑफ रॅम्बो' हा चित्रपट परवा पुन्हा पाहिला, या वेळी मुलाला शेजारी बसवून. १९८० च्या दशकातलं इंग्लंड. विल हा कर्मठ धार्मिक घरातला पोरगा. टीव्ही, सिनेमा, गाणी सगळं वर्ज्य. वर्गात माहितीपट लावला की त्याने उठून बाहेर जाऊन बसायचं. तिथेच त्याला ली कार्टर भेटतो, वर्गातून हाकललेला, शाळेतला सगळ्यात वांड मुलगा. लीच्या घरी 'फर्स्ट ब्लड'ची, म्हणजे स्टॅलोनच्या रॅम्बोच्या पहिल्या सिनेमाची, चोरटी कॉपी विलच्या नजरेला पडते आणि जन्मात सिनेमा न पाहिलेलं ते पोर पेटून उठतं. मग थोरल्या भावाचा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा आणि बीबीसीच्या स्पर्धेला पाठवायला दोघांनी मिळून रॅम्बोच्या मुलाचा सिनेमा करायचा. इंग्रजी नावात 'Rambow' असा जास्तीचा 'डब्ल्यू' आहे, तो पोरांचा.

मला माझा धाकटा भाऊ आठवला. आमच्या वाड्यातले एक काका लग्नांचं शूटिंग करायचे. १९९२ च्या मे महिन्यात ते दुपारचे झोपले असताना आम्ही त्यांचा कॅमेरा उचलला. भाऊ दिग्दर्शक आणि हिरो, मी सनगन, म्हणजे शूटिंगचा प्रखर दिवा, धरणारी. भर उन्हात त्या दिव्याची काही गरज नव्हती, पण त्याशिवाय शूटिंग होत नाही अशी आमची पक्की समजूत. दिव्याच्या तापलेल्या जाळीला बोट लागून आलेला फोड आठवडाभर होता. बॅगेतली कॅसेट आम्हाला कोरी वाटली. नव्हती. नवरीला हळद लागतेय, आणि मध्येच माझा भाऊ टाकीवरून उडी मारतोय. काकांना त्या घरी जाऊन हात जोडावे लागले. पुढे कित्येक दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत.

तुम्ही हा चित्रपट कोणाबरोबर पाहिलात? कोण आठवलं? आवडला नसेल तर तेही लिहा.

इचलकरंजीहून

ताई, माझी १९८५ पासून व्हिडिओ लायब्ररी होती. सुरुवातीलाच तो ली थिएटरात बसून पडद्यावरचा सिनेमा कॅमेऱ्यात भरतो ना, तिथे मी ताडकन उठून बसलो. याला आम्ही 'कॅमेरा प्रिंट' म्हणायचो. पुढच्या रांगेतली डोकी दिसायची, कुणी उठून बाहेर गेला की पडदा काळा. तरीही लोक रांग लावून न्यायचे. गणपतीत व्हीसीआर आणि कलर टीव्ही रात्रभर भाड्याने जायचा, मंडळाच्या मांडवात एका रात्रीत तीन-तीन सिनेमे.

मला आठवला तो आमच्या गल्लीतला एक यंत्रमाग कामगार. रॅम्बोचा पिक्चर त्याने सात वेळा नेला. भाषेचं अक्षर कळत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "त्यो एकटा पडलाय, एवढं कळतंय की." विललाही तेच कळतं. बाप नसलेलं पोर आहे ते, आणि त्याच्या सिनेमातला रॅम्बोचा मुलगा बापाला सोडवायला निघालाय. हसता हसता हे एकदम लागतं माणसाला.

रेडिंग, इंग्लंडहून

दोन गोष्टी इथे राहणारी म्हणून सांगते. ती स्पर्धा खरी होती. 'स्क्रीन टेस्ट' नावाचा मुलांचा कार्यक्रम बीबीसीवर १९८४ पर्यंत चालला आणि त्यात मुलांनी घरी केलेल्या छोट्या फिल्म्स दाखवत. माझ्या ऑफिसातले पन्नाशी ओलांडलेले सहकारी त्याचं नाव काढलं की खुलतात.

दुसरं, विलचं घर प्लिमथ ब्रदरन या ख्रिस्ती पंथाचं आहे. हा पंथ १८२० च्या दशकात डब्लिनमध्ये सुरू झाला, प्लिमथला इंग्लंडमधली पहिली मोठी मंडळी जमली म्हणून ते नाव. त्यांच्यात शाखा आहेत, आणि टीव्ही-रेडिओ वर्ज्य असतो तो कडक शाखांत. चित्रपटात हा भेद कुठेच येत नाही. विलच्या घरी येणारा पंथातला तो जोशुआ सरळसरळ खलनायक करून टाकलाय, ते मला खटकलं. जेसिका हाइन्सने केलेली विलची आई मात्र किती खरी! पंथ आणि पोरगा यांच्यात तिची ओढाताण ती जवळजवळ न बोलता दाखवते.

आळंदीजवळून

रेडिंगच्या ताई, तुमचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. आमचं घर माळकरी. आजोबांनी सिनेमाला कधी पाय लावू दिला नाही. ते दुष्ट नव्हते हो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, आणि पोरं बिघडतील ही मनापासूनची भीती. तरी मी चोरून पाहिलेल्या पहिल्या सिनेमानंतर रात्रभर जागा होतो, आणि ज्याला सांगावं असं घरात कोणी नव्हतं. विल बायबलची पानं चित्रांनी भरून टाकतो ना, तसं मी हरिपाठाच्या वहीत मागच्या बाजूने चित्रं काढायचो. आजोबांना ती सापडली. त्यांनी काही न बोलता वही परत कोनाड्यात ठेवली. आज ते असते तर त्यांना शेजारी बसवून हा चित्रपट दाखवला असता.

पुणे, संकलनाचं काम करते

माझं मत वेगळं आहे. पहिला अर्धा तास अप्रतिम. नंतर तो फ्रेंच विद्यार्थी डिडिए येतो आणि चित्रपट पसरट होतो. त्याच्यामागे धावणारी पोरं, मोठ्या मुलांच्या खोलीतली ती पार्टी, सगळं गमतीचं आहे पण दोन मित्रांची गोष्ट बाजूला पडते. मी असते तर निदान आठ मिनिटं कापली असती. एक प्रसंग मात्र हात न लावता ठेवला असता: शेवटी डिडिए परतीच्या बसमध्ये चढतो आणि त्याच्याच देशातली मुलं त्याला हिंग लावून विचारत नाहीत. एका क्षणात कळतं, हा पोरगाही एकटाच होता.

आणि ज्या वयाची मुलं आहेत त्यांचं काम बघा. विल झालेला बिल मिलनर आणि ली झालेला विल पोल्टर, दोघांचा हा पहिला चित्रपट. पोल्टर पुढे मोठा नट झाला, पण लीचा तो बेरकी आणि आतून पोरका चेहरा मला त्याच्या नंतरच्या कुठल्याच कामात दिसला नाही.

मस्कतहून

भाऊ आठवला. आईवडील लवकर गेले, त्याने वाढवलं, हात उगारायचा पण जेवल्याशिवाय झोपू द्यायचा नाही. लीचा भाऊ त्याला नोकरासारखा राबवतो, तरी ली त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. लोकांना तो मार खाणाऱ्या पोराचा वेडेपणा वाटेल. मला नाही वाटला. शेवटचा थिएटरातला प्रसंग मी पूर्ण पाहू शकलो नाही, उठून गॅलरीत गेलो.

सातारा जिल्हा, प्राथमिक शिक्षिका

सातवीच्या मुलांना दाखवला, मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत. पतंगाला बांधलेला तो कुत्र्याचा पुतळा आकाशात उडाला तेव्हा वर्ग बाकांवर उभा राहिला. रॅम्बो कोण हे एकानेही विचारलं नाही. विचारलं ते असं: "बाई, त्याला वर्गाबाहेर का बसवतात? त्याने काय केलंय?" पुढच्या शनिवारी चौघांनी माझ्या मोबाइलवर साडेतीन मिनिटांचा सिनेमा केला. बुजगावणं रात्री चालत गावात येतं. बुजगावण्याच्या अंगात जो मुलगा होता तो वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता.

नागपूरहून

बाई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला दाखवू का? ली सिगारेट ओढतो, दुकानात चोरी करतो असं ऐकलंय.

सातारा जिल्हा, प्राथमिक शिक्षिका

दाखवा, पण शेजारी बसून. सिगारेट आहे, चोरी आहे, तळहात कापून रक्ताचे भाऊ होतात तेही आहे. माझ्या मुलांना मी तिथे थांबवून सांगितलं की हे करायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, बाई, पुढचं लावा.