‘नार्सिसिस्टिक अ‍ॅब्यूज’ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी मराठीत टिपण करतेय. ‘नार्सिसिस्टिक अ‍ॅब्यूज’पाशी गाडी अडली. ‘आत्मरतिग्रस्त व्यक्तीकडून होणारा मानसिक छळ’ असं लिहिलं तर कुणी दुसरी ओळ वाचायचं नाही. ‘स्वमग्न’ चालेल?

अनुस्वार: अजिबात नको. स्वमग्नता हा शब्द ऑटिझमसाठी रुळलाय. त्या मुलांच्या आईवडिलांना लोकांचं कमी ऐकावं लागतं का, त्यात ही भर! ‘आत्मरती’ मनोविश्लेषक फ्रॉइडच्या नार्सिसिझमवरच्या १९१४ च्या निबंधाविषयी लिहिताना शोभेल. ‘आत्मकेंद्री’ सोपा आहे, पण मिळमिळीत. आत्मकेंद्री माणूस तुमचा वाढदिवस विसरेल. विसरल्याबद्दल तुम्हालाच माफी मागायला लावणार नाही.

ओपीडीवाला: नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे निदान आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या सूचीत ते १९८० मध्ये आलं. आज त्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात. ‘नार्सिसिस्टिक अ‍ॅब्यूज’ मात्र निदान नाही. समोर बसलेल्या बाईचं ऐकून घरी बसलेल्या नवऱ्याचं निदान करता येत नाही, करूही नये. टिपणात माणसाला नाव देऊ नका, वागण्याला द्या.

रानजाई: पटलं. मग वागण्यांचीच नावं काढू. गॅसलायटिंग?

शेंडेफळ: वेड्यात काढणं. विषय संपला.

अनुस्वार: इतक्यात कुठे? चारचौघांत वेड्यात काढलं की त्या माणसाला कळतं, रागही येतो. गॅसलायटिंग शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकावरून आला. त्यात घरातले दिवे मंद होतात ते नवऱ्याच्याच उद्योगामुळे, आणि बायकोला मात्र तिचं डोकं ठिकाणावर नाही असं पटवलं जातं. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडणं, हे ‘वेड्यात काढणं’मध्ये येत नाही.

रानजाई: येतं, पण पुढच्या वाक्यात. बायका म्हणतात, “हे मला वेड्यात काढतात,” आणि जरा थांबून, “आता मलाच वाटतं, माझंच काहीतरी बिघडलंय.” नवा समुपदेशक पहिल्या वाक्यावर ‘नवराबायकोत चालायचंच’ म्हणतो आणि दुसरं कानावर पडतच नाही. एकीनं (ओळख पुसून सांगते) पिशवीतून कालनिर्णयची पानं काढली. तारखांच्या चौकोनात पेन्सिलीचे बारीक ठिपके. नवरा ज्या दिवशी बोलला नाही, त्या दिवशी ठिपका. “एवढे दिवस कुठे, तू वाढवून सांगतेस,” असं तो म्हणायचा म्हणून. असे पुरावे गोळा करणं हीच मोठी खूण आहे. आणि ते पाहून ‘तुम्ही फार विचार करता’ म्हणालात, तर नवऱ्याचंच वाक्य तुमच्या तोंडून गेलं.

मृद्गंध: मग ‘अबोला’ वेगळा घ्या. रुसव्यात मनधरणीची वाट पाहिलेली असते. छळाच्या अबोल्यात कारणच सांगत नाहीत. ते तुम्ही शोधायचं, आणि सापडलं तरी चुकीचंच निघणार. तिसरा शब्द ‘कान भरणं’. तक्रार बाहेर येण्याआधीच माहेरी फोन गेलेला असतो, ‘हिचं हल्ली काही खरं नाही’ म्हणून. आणि जाब विचारलाच, तर चोराच्या उलट्या बोंबा. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ मध्ये याला ‘डार्व्हो’ म्हटलं: आधी नाकारायचं, मग उलटा हल्ला, शेवटी आपणच बळी. आपल्या म्हणीत ते तिन्ही बसतं.

ओपीडीवाला: हे खोलीत घडताना दिसतं, म्हणून दोघांना पहिल्याच भेटीत एकत्र बसवू नका. तो इस्त्रीच्या शर्टात, शांत, ‘डॉक्टर, तुम्हीच समजवा हिला.’ ती रडतेय, एका गोष्टीतून दुसरीत शिरतेय. नोंदीत कोण ‘अस्थिर’ ठरतं, सांगायला नको. शिवाय ती तिथे जे बोलेल त्याचा हिशेब घरी गेल्यावर होतो.

शेंडेफळ: सगळीकडे ‘नवरा’च का? माझ्या मित्राच्या बाबतीत आई होती. तिशी उलटली तरी पगार तिच्या हातात, आणि विरोध केला की छातीत दुखायचं. तो समुपदेशकाकडे गेला तेव्हा “आई आहे हो शेवटी,” एवढं ऐकून परत आला.

रानजाई: बरोबर, ‘नवरा’ काढून ‘घरातली व्यक्ती’ करते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ येतो, पण तो कायदा स्त्रियांसाठी. तुझ्या मित्रासाठी ऐकून घेणारा माणूसच लागेल.

मृद्गंध: कायद्याचं निघालंच आहे तर, नोंदीत ‘नार्सिसिस्ट’ लिहू नका. काय म्हटलं, कधी, कुणासमोर, ते तिच्याच शब्दांत लिहा. उद्या कागद पुढे गेला तर वकील आधी त्या शब्दावरच घसरेल.

रानजाई: मथळा ‘घरातला मानसिक छळ’ ठेवते, इंग्रजी शब्द एकदाच, कारण लोक तो मोबाइलवर वाचून येतातच. खाली चार नोंदी: वेड्यात काढणं, अबोला, कान भरणं, उलट्या बोंबा. प्रत्येकीखाली एकच प्रश्न: ‘तुम्ही नाही म्हटलंत की पुढे काय होतं?’

अनुस्वार: ‘छळ होतो का?’ यापेक्षा शंभर पटीनं बरा. त्याला बहुतेक जण ‘तसं काही नाही’ म्हणतात. फक्त मसुद्यात ‘पीडिता’ आलंय ते बदला. शेंडेफळच्या मित्राला तो शब्द लागत नाही.