फाइन आर्ट प्रॅक्टिसमध्ये मास्टर्स करायलाच हवी का?

कोराकागद: माझं मत सरळच सांगतो, पटत नसेल त्यांनी खुशाल भांडा. कंटेम्पररी प्रॅक्टिसची मास्टर्स आता काम करायला कमी आणि कामाबद्दल बोलायला जास्त शिकवते. पहिल्या सेमिस्टरलाच स्टेटमेंट मागतात, म्हणजे काम अजून अर्धवट पडलंय, आपण काय करतोय ते आपलं आपल्यालाच उमगलेलं नाही, आणि पानभर लिहून द्यायचं की हे कशाबद्दल आहे. मग पोरं काय करतात, आधी स्टेटमेंट लिहितात आणि नंतर त्याला शोभेल असं काम करतात. हे उलटं आहे आणि मला ते मनापासून खटकतं. अमेरिकेतलं ब्लॅक माउंटन कॉलेज १९३३ ते १९५७ चाललं, शेवटपर्यंत त्याला मान्यता नव्हती, तरी राउशेनबर्ग, ट्वॉम्ब्ली, रूथ असावा असे मोठे कलाकार तिथेच शिकले ना? न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमचा इंडिपेंडंट स्टडी प्रोग्राम १९६८ ला सुरू झाला तो डिग्रीशिवायच. मग या कागदासाठी एवढा आटापिटा कशाला?

ओलीमाती: स्टेटमेंटचं शंभर टक्के पटलं, बाकी अजिबात नाही. तुम्ही क्रिटचं, म्हणजे सगळ्यांनी एकाच्या कामासमोर बसून त्यावर बोलायचं त्या तासाचं, नावही काढलं नाहीत आणि माझ्या मते कोर्सचा जीव तिथेच आहे. आमच्याकडे नियम होता, सुरुवातीला काम करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी फक्त काय दिसतंय ते बोलायचं. मी ट्रेसिंग पेपरवरची ड्रॉइंग्ज वरच्या कडेला पिना मारून लावली होती, खालची कड मोकळी. मला वाटलं रेषांवर बोलतील. पण कोणी आत आलं की दाराच्या वाऱ्याने सगळे कागद भिंतीपासून सुटायचे आणि परत टेकायचे, आणि जो तो त्यावरच बोलत होता, एकजण तर म्हणाली की रेषा बघायला मला वेळच मिळत नाहीये, कागद परत कधी टेकतो याचीच मी वाट बघतेय. पुढचं सगळं काम मला त्या वाक्यातून मिळालं. घरचे छान आहे म्हणतात, मित्र लाइक देतात, पण तासभर तुमच्या कामासमोर बसून कोण बघतं हो? अमेरिकेतल्या कॅलआर्ट्स या कला-महाविद्यालयात शिकवणाऱ्या मायकल अॅशरचा क्रिट सकाळी सुरू व्हायचा तो रात्रीपर्यंत चालायचा. ती सवय एकट्याने नाही लागत.

तिसरीभिंत: दोघंही पैशावर बोलतच नाहीये. अमेरिकेत एमएफए, म्हणजे फाइन आर्टची मास्टर्स, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची, इंग्लंडात एमए साधारण एका वर्षाची, आणि त्या एका वर्षात जागेत रुळेपर्यंत डिग्री शोची, म्हणजे शेवटच्या प्रदर्शनाची, तयारी सुरू होते. कॉलेजात शिकवायचं असेल तर डिग्री लागते, अमेरिकेत एमएफए हीच त्या क्षेत्रातली शेवटची डिग्री धरत आलेत, तिथे वाद नाही. पण नुसतं काम करायचं असेल तर कर्ज काढून जाऊ नका, अगदी हात जोडून सांगतो, कारण हप्ते सुरू झाले की मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि ज्याच्यासाठी शिकलो ते कामच बंद पडतं. फंडिंगवाल्या जागा शोधा. अॅमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीसारख्या रेसिडेन्सीत, म्हणजे कलाकारांना काही काळ राहून काम करू देणाऱ्या जागेत, स्टुडिओ मिळतो, वर स्टायपेंड मिळतो, डिग्री नाही मिळाली तर नाही.

कोराकागद: @ओलीमाती क्रिट बाहेरही होतो की. पाच-सहा जण जमवा, महिन्यातून एकदा भेटा. १९८८ चं फ्रीझ हे प्रदर्शन आठवा, पुढे गाजलेला ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्ट तेव्हा अजून विद्यार्थीच होता आणि लंडनच्या डॉक्सजवळच्या रिकाम्या इमारतीत पोरांनी स्वतःच शो उभा केला.

ओलीमाती: आणि ती पोरं एकमेकांना भेटली कुठे? लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्येच ना, मायकल क्रेग-मार्टिनसारखे शिक्षक होते तिथे. हां, ती बीएची होती, एमएची नाही, तेवढा मुद्दा तुमचा. पण पाच-सहा जणांचा ग्रुप जमवणं सोपं, टिकवणं अवघड, कारण सगळे एकमेकांचे मित्र होतात आणि मग कोणी खरं बोलत नाही. कोर्समध्ये तुम्हाला न आवडणारा माणूसही समोर बसतो आणि त्याला बोलायचंच असतं.

जमाखर्च: मी कॉमर्सवाला, त्यामुळे वेगळ्या बाजूने बोलतो. चित्रकार भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते, १९६२ ला बडोद्याला आले ते आर्ट क्रिटिसिझम शिकायला, पेंटिंगची डिग्री त्यांनी घेतलीच नाही, पुढे कित्येक वर्षं अर्धवेळ हिशेबाची नोकरी करत चित्रं काढली. पण बडोद्याला आल्यामुळे चित्रकारांच्या गराड्यात राहायला मिळालं ना! ज्याने बीएफए, म्हणजे फाइन आर्टची पदवी, केलंय त्याला मास्टर्स नसली तरी चालेल, त्याच्याकडे माणसं असतात. माझ्यासारख्याला दाराच्या आत घेणारं दुसरं आहे कोण?

कोराकागद: @जमाखर्च हा मुद्दा मी धरलाच नव्हता आणि तो वजनदार आहे. तुमच्या बाबतीत मी जा म्हणेन. फक्त अर्ज करण्याआधी तिथल्या आताच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, प्रॉस्पेक्टसवर जाऊ नका: स्टुडिओ रात्री उघडा असतो का, वर्कशॉपमधला टेक्निशियन भेटतो का की आठवड्याचं वेटिंग, ज्या मोठ्या नावांचे फोटो छापलेत ती वर्षातून किती वेळा येतात. आणि पहिलं स्टेटमेंट कधी मागतात तेही विचारा. पहिल्याच महिन्यात मागत असतील तर माझा विरोध कायम.