मुलीला बी.ए. इंग्लिश करायचंय, काय करावं?

हळदवाला, सांगली
थोरली बारावी सायन्स पास झाली, मार्क बरे आहेत. काल जेवताना म्हणाली, "बाबा, मी विलिंग्डनला बी.ए. इंग्लिश घेणार." आमची मार्केट यार्डात अडत. वाचन म्हणाल तर सौदापट्टीपुरतं. घरात दोन तट पडलेत. पुढं काय, हे कुणी सांगेल का?

तासिकावाला
नको, दादा. मी तेच केलं. (कॉलेजचं नाव सांगत नाही.) तीन वर्षांत वर्गात एकही नाटक उघडलं नाही. सर गाइड हातात धरून उत्तरं सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. हॅम्लेट सूड घ्यायला उशीर का लावतो, यावर माझं दहा मार्कांचं उत्तर तोंडपाठ होतं. हॅम्लेट मात्र वाचला नव्हता! नंतर एम.ए., मग प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा. आज दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन कधी येईल ते बिल काढणाऱ्यालाच ठाऊक.

कराडची_सून
मग दोष गाइडचा, हॅम्लेटचा कशाला? आमच्या मॅडमनी ऑथेल्लोसोबत त्याचाच मराठी अवतार, देवलांचा 'झुंजारराव' वाचायला लावला. १८९०चं नाटक, आणि देवल तुमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. हॅम्लेट तर त्याआधीच, १८८३ला 'विकारविलसित' होऊन मराठीत आला होता. आणला कुणी? आमच्या टेंभूच्या आगरकरांनी. इंग्रजी-मराठी दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकेका ओळीवर भांडायची सवय तिथं लागली. आज मी करारांचे अनुवाद करते. 'शॅल'चं 'करील' न करता 'करू शकेल' केलं, की बंधनाची सवलत होते आणि पक्षकार कोर्टात जातो. माझं घर त्या सवयीवर चालतं.

तासिकावाला
ताई, देवलांचा अभिमान मलाही आहे. पण तुम्हाला मॅडम मिळाल्या, मला गाइड मिळालं. पोरीची तीन वर्षं अशी लॉटरीला लावायची का?

नुसताच_बघ्या
एमपीएससीला कुठलीही पदवी चालते की!

कराडची_सून
चालते. पण एमपीएससीच द्यायची तर शेक्सपिअरला कशाला त्रास? आणि तासिकावाले सर, लॉटरी हा शब्द पटला नाही, पण खोडूनही काढता येईना. आमच्याच कॉलेजात शेजारच्या तुकडीला गाइडच होतं.

हळदवाला, सांगली
सगळं तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, आत जाऊन डिक्शनरी घेऊन आली. २०१९च्या पुरात भिजलेली, फुगून दुप्पट झालेली. तेव्हा ती सहावीत होती. मी भिजलेली पोती मोजत होतो आणि ही म्हणे माळ्यावर बसून एकेक पान सुटं करून वाळवत होती. 'एम'पासून पुढची पानं अजून चिकटलेलीच आहेत.
तासिकावाले सर, प्रवेशाआधी एखादा तास मागच्या बाकावर बसू देतात का हो? गाइड निघतं की नाटक, एवढंच बघून येऊ दे तिला.

तासिकावाला
बहुतेक देतील. विभागप्रमुखांना आधी फोन करा. आणि पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा कुणीच शिकवत नाही.