वनाच्छादन वाढलं म्हणजे जंगल वाढलं असं नाही

उपग्रहाच्या आकड्यांत कोकणातलं वनाच्छादन टिकून आहे, मग जंगलतोडीची ओरड कशाला, असं काही जण म्हणतात. आकडे खोटे नाहीत, पण ते मोजतात काय? भारतीय वन सर्वेक्षण या सरकारी संस्थेच्या व्याख्येत किमान १ हेक्टर जमिनीवर झाडांचं छत्र १० टक्के किंवा जास्त असलं की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाडं कुठली, हे बघितलंच जात नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात डोंगर साफ करून रबर लावलं, तरी झाडं वाढल्यावर तो वनाच्छादनातच धरला जाऊ शकतो. काजूच्या बागांचंही तेच, आणि हे मला फार गंभीर वाटतं.

जंगल आणि लागवड यांतला फरक ओळखता येतो, पण एका तारखेचं चित्र पुरत नाही. सर्वेक्षण मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतं, तेव्हा पाऊस नुकताच सरलेला असतो, सगळंच हिरवं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटर बारकाव्याची चित्रं फुकट मिळतात. नोव्हेंबर आणि मार्च शेजारी ठेवून बघा: पानगळीचं रान उघडं पडतं, काजू हिरवाच राहतो. रबराची पानं मात्र साधारण जानेवारी-फेब्रुवारीत झडतात आणि लगेच नवी पालवी फुटते. ते थोडे आठवडे हुकले तर रबर आणि सदाहरित जंगल वेगळं काढणं फार अवघड.