जाहिरातीतील छायाचित्रावर ‘फेरफार केलेले’ अशी सूचना हवी का?

कोथरूडकरीण (प्रश्न):
माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने ऑनलाइन मागवलेला कुर्ता घालून पाहिला आणि मुकाट्याने घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. विचारल्यावर म्हणाली, “जाहिरातीतल्या मुलीला बघ कसा चापून बसलाय, माझंच अंग बेढब आहे.” फ्रान्समध्ये अशा छायाचित्रांवर सूचना छापावी लागते, असे वाचले. आपल्याकडे तसा नियम आल्यास उपयोग होईल का?

सनदशीर:
फ्रान्सचा नियम १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू आहे आणि तो मोडणाऱ्यास ३७,५०० युरो दंड होऊ शकतो. मात्र मॉडेलची शरीरयष्टी संगणकावर बारीक किंवा जाड केली असेल, तरच ती सूचना बंधनकारक ठरते. नॉर्वेने २०२२ मध्ये त्वचेतील फेरफारही नियमात आणले. तरीही अशा सूचना वाचून स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी फारशी घटत नाही, असेच बहुतेक प्रयोगांत आढळले आहे. डोळा आधी कंबर पाहतो, बारीक अक्षरे नंतर.

टाचणी:
कॅटलॉगच्या चित्रीकरणासाठी कपडे तयार ठेवण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. तेथे बहुधा एकाच मापाचा नमुना येतो, तो मॉडेलला सैल झाला की पाठीच्या कण्यालगत चार-पाच चिमटे लावून कापड मागे ओढले जाते, आणि कॅमेऱ्याला फक्त पुढची बाजू दिसते. म्हणजे तो कुर्ता त्या मुलीलाही ‘बसलेला’ नसतो! यात संगणकाला हातच लावलेला नसल्याने फ्रान्सचा नियमही येथे लागू होणार नाही. (दुकानातल्या पुतळ्यामागे एकदा डोकावून पाहा.)

सावळी:
तरीही नियम अगदीच निरुपयोगी असतात, हे मला पटत नाही. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही आणि क्रीम लावताच मिळते, ही कथा आपण वर्षानुवर्षे पाहिली; सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा अनाकर्षक दाखवू नये, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये ठरवल्यावर ती इतक्या उघडपणे सांगणे अवघड झाले. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, हे मात्र मला रंगरंगोटीच वाटते.

कोथरूडकरीण:
सर्वांचे आभार. काल रात्री कपडे वाळत घालायचे तीन चिमटे मुलीच्या पाठीशी लावले. समोरून पाहून ती खूश झाली आणि वळून पाठ पाहिल्यावर हसत सुटली. कुर्ता परत पाठवणे रद्द केले आहे. बाजूच्या शिवणी किती आत घ्याव्यात, ते टाचणी यांनी कृपया सांगावे.